दोनदा नष्ट केलेले फटाके

बाबांनी ती बादली घरी आणली तेव्हा आई गच्चीवर पापड उलटत होती आणि मी जिन्यात अभ्यासाला बसले होते. शास्त्रीनगरच्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत जिना तेवढा गार असायचा. बाबांच्या एका हातात बेडिंग होतं, दुसऱ्या हातात झाकण घट्ट बसवलेली पत्र्याची बादली. तिला खनिज तेलाचा वास येत होता.

"हात लावू नकोस," ते म्हणाले. "वरच्या खोलीत ठेवतोय."

बाबा स्टेशन मास्तर होते. मूळचे अकोला जिल्ह्यातले, रेल्वेत लागले आणि बदल्या होत होत जयपूरला आले. रेल्वेच्या झोनची फेररचना झाली तेव्हा महाराष्ट्राकडे परत जायचा पर्याय त्यांना होता. माझी शाळा हिंदीत सुरू झाली होती, ती मोडायला नको म्हणून त्यांनी तो घेतला नाही. जयपूरजवळच्या एका लहानशा स्टेशनवर त्यांनी बरीच वर्षं काढली. रोज पॅसेंजरने जायचे-यायचे. घरी आले की रेल्वेच्या नियमांवर बोलायचे. दुसऱ्यांचे वडील क्रिकेटवर बोलतात तसे.

त्यांच्या स्टेशनात धुक्याचे फटाके ठेवलेले असत. बुटाच्या पॉलिशच्या डबीएवढ्या चपट्या, गोल डब्या, बाजूला दोन पट्ट्या. हिवाळ्यात धुकं इतकं दाट पडतं की ड्रायव्हरला सिग्नल दिसत नाही. मग माणूस पुढे जाऊन ही डबी रुळावर बांधून येतो. इंजिनाचं चाक तिच्यावरून गेलं की मोठा आवाज होतो आणि ड्रायव्हरला कळतं, सिग्नल जवळ आला, गाडी सावकाश घ्यायची. रेल्वेतली माणसं त्यांना नुसतं 'पटाखा' म्हणतात. नियमांच्या पुस्तकात शब्द आहे डिटोनेटर.

प्रत्येक डबीवर ती कधी बनली तो महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. मुदत संपली की ती वापरायची नाही, नष्ट करायची. तेही वाटेल तसं नाही. आधी तेलात भिजत घालायची, मग विस्तवात एकेक करून टाकायची, माणसांनी लांब उभं राहायचं, आणि हे सगळं रेल्वेच्या निरीक्षकासमोर. हे मला लहानपणापासून पाठ होतं, कारण बाबा ते जेवताना सांगायचे.

त्या हिवाळ्याच्या शेवटी मुदत संपलेल्या फटाक्यांचा एक लॉट नष्ट करायचा होता. बाबांनी तो तेलात घालून ठेवला आणि निरीक्षकाला बोलावलं. निरीक्षक आला तो घाईत होता. जीपमधून पुरता उतरलाही नाही. म्हणाला, "मास्टरजी, नष्ट केल्याच्या कागदावर सही करून टाका, मीही करतो. जाळायचं काय, तुम्ही सावकाश जाळा." बाबांनी सही केली. का केली, हे मी त्यांना पुढे अनेकदा विचारलं. एकदाच उत्तर दिलं, "साहेब समोर पेन धरून उभा होता."

सही केली, पण जाळले नाहीत. एकट्याने जाळायचे नाहीत असा नियम होता. इतर स्टेशनांवर असे फटाके सरळ पडक्या विहिरीत जातात, हे बाबांना माहीत होतं. त्यांना ते पटत नव्हतं. ते निरीक्षकाला फोन करत राहिले आणि तो हसत राहिला.

मग बाबांची बदली झाली, जयपूरलाच. आम्हाला आनंद झाला. पण स्टेशनचा ताबा देताना नवीन मास्तरांनी बादलीला हात लावला नाही. ते म्हणाले, "कागदावर हे नष्ट झालेत. जे नाही ते मी ताब्यात कसं घेऊ?" त्यांचंही खोटं नव्हतं. म्हणून ती बादली आमच्या घरी आली.

आई गच्चीवरून खाली आली ती नाकाला पदर लावूनच.

"काहून आणलं हो हे घरात?"

"थोडे दिवस. साहेब येतील, त्यांच्यासमोर यार्डात जाळून टाकतो."

"अन् नाही आले त्?"

"येतील. त्यांचीही सही आहे."

मे महिन्यात जयपूरच्या जुन्या शहरात बॉम्बस्फोट झाले. आम्ही घरीच होतो. आम्हाला ते अकोल्याहून मामांचा फोन आला तेव्हा कळलं. त्यानंतरचे दिवस मला आजही एका सलग घामासारखे आठवतात. गल्लीत कोणी बंद पिशवी खाली ठेवली तरी माणसं थबकायची. वर्तमानपत्रात रोज एक शब्द पहिल्या पानावर असायचा, डिटोनेटर. आणि भाडेकरूंची तपासणी सुरू झाली.

आमचे घरमालक खालच्या मजल्यावर राहायचे. सभ्य माणूस, दिवाळीला मिठाई पाठवणारा. गच्चीवरच्या बंद खोलीतून तेलाचा वास येतो हे त्यांना बादली आली तेव्हापासून माहीत होतं. आता त्यांनी ते पोलिसांना सांगितलं. त्याबद्दल मी त्यांना फार दोष देत नाही. पण विचारायला ते एकदा वर आले असते तर चाललं असतं.

पोलीस दुपारी आले. बाबा रात्रपाळी करून आले होते, बनियनवरच होते. दार उघडून ते स्वतःच म्हणाले, "चला, मीच दाखवतो." त्यांना खरंच वाटलं होतं की चला, निदान आता तरी कोणी सरकारी माणूस आला, याच्यासमोर हे प्रकरण निकालात निघेल. गच्चीवर जाऊन त्यांनी झाकण काढलं आणि पुस्तकातल्यासारखं सांगितलं, "रेल्वेचे डिटोनेटर आहेत. मुदत संपलेले."

फौजदार दोन पावलं मागे सरकला. मी त्याच्या मागेच उभी होते, त्याचं कोपर मला लागलं. बाबा पुढेही बोलत होते, धुकं, रूळ, चाक, नियम, सगळं. पण त्या एका शब्दानंतर कोणी काही ऐकलं नाही. आयुष्यभर आपण ज्याला पटाखा म्हणतो, त्याला बाबांनी त्या दिवशी नेमकं पुस्तकी नाव दिलं.

त्यांना शर्ट घालू दिला, चप्पल शोधू दिली नाही. एक शिपाई आमच्या भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे बघत आईला विचारत होता, "आप लोग मतलब कौन हो?" आईला हिंदी नीट यायची नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "रेलवे वाले हैं."

अटक झाली की नोकरीतून निलंबन आपोआप होतं. बाबांनी हाही नियम आम्हाला कधीतरी सांगितला होता. रेल्वे पुढे येईल आणि हे आमचेच फटाके आहेत असं सांगेल, या आशेवर आम्ही काही दिवस काढले. पोलिसांनी निरीक्षकाला विचारलं. त्याने जबाब दिला की त्या स्टेशनवरचे मुदत संपलेले सगळे फटाके त्याच्या समक्ष नष्ट झाले आहेत, स्टेशन मास्तरची स्वतःची तशी सही आहे, तेव्हा आता घरात सापडले ते कुठून आले याची त्याला कल्पना नाही.

युनियनच्या एका माणसाने आम्हाला वकील गाठून दिले. वयस्कर होते, सतत पान खायचे, पण ऐकून घ्यायचे. मी त्यांना फटाक्यांविषयी सगळं सांगितलं. ते मध्येच थांबवून म्हणाले, "डबीवर महिना-वर्ष ठोकलेलं असतं, हे नक्की?"

"नक्की. बनवणाऱ्याची खूणही असते."

"मग बेटी, अर्धं काम झालं. ही डबी न्यायाधीशांच्या टेबलावर आली पाहिजे. नाहीतर निदान रेल्वेच्या जाणकाराने ती बघून लेखी दिलं पाहिजे. बॉम्ब बनवणारा माणूस त्यावर रेल्वेचा शिक्का मारत नाही."

त्यांनी तसा अर्ज कोर्टात केला. अर्जावर पुढची तारीख पडली.

त्याच दरम्यान पोलिसांनीही एक अर्ज केला होता. जप्त केलेली स्फोटकं ठाण्यात ठेवणं धोक्याचं आहे, ती नष्ट करायला परवानगी मिळावी. शहराची तेव्हाची अवस्था बघता ही परवानगी कोण नाकारणार? ती लगेच मिळाली. नष्ट करताना हजर राहायचं असेल तर राहा, असं आम्हाला कळवण्यात आलं. सकाळी अकराची वेळ दिली होती, जागा शहराबाहेर, कानोत्याच्या धरणापलीकडचं मोकळं माळरान. वकिलांनी नोटीस वाचली आणि उठून खिडकीतून पानाची पिंक टाकली. मग म्हणाले, "मी थांबवायचा प्रयत्न करतो. तू जा. नष्ट करायच्या आधी नमुना काढून ठेवायचा असतो, मालकाने मागितला तर द्यायचा असतो. तू माग. फोटो काढायला सांग."

आई म्हणाली मीही येते. आम्ही बसने कानोत्याला गेलो, तिथून रिक्षा केली. या धरणावर आम्ही रेल्वेवाल्या कुटुंबांबरोबर पूर्वी सहलीला आलो होतो.

आम्ही वेळेच्या आधी पोचलो. तरी सगळं झालेलं होतं. माळावर एक खड्डा होता, त्याच्या कडा काळ्या पडल्या होत्या, आणि दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी असतो तसा वास होता. तपास अधिकारी बाभळीखाली खुर्ची टाकून कचोरी खात होता.

"अकराची वेळ होती ना, सर?" मी विचारलं.

"उन्हाच्या आधी उरकलं. ऊन चढलं की धोका वाढतो."

"नमुना काढला का?"

"नमुना काढायचा म्हणजे डबी उघडावी लागते. आमच्या माणसाचा हात उडाला तर तुम्ही याल का?"

"आख्खी एक डबी बाजूला ठेवायची होती. त्यावर शिक्का होता. आमचा अर्ज आहे कोर्टात."

"मॅडम," त्याने बोटं रुमालाला पुसली, "धोका तातडीचा असेल तर थांबायचं नाही, हेही नियमातच आहे. पंचनाम्यात लिहिलंय, गोल, चपट्या, धातूच्या डब्या, तेलात बुडवलेल्या. आणखी काय पाहिजे?"

तेलात का बुडवल्या होत्या, हे कोणीच लिहिलं नव्हतं. तेल नियमाप्रमाणे होतं, धोका कमी करण्यासाठी होतं. पुढे आरोपपत्रात त्याच तेलाचा उल्लेख 'ज्वलनशील द्रवासह' असा आला.

मी अजून त्याच्याशी बोलत होते तोवर आई खड्ड्याकडे गेली होती. खाली वाकून मातीत पत्र्याचे तुकडे शोधत होती. एक शिपाई धावत गेला. "माताजी, हात मत लगाओ. तुकडेही नष्ट करायचे असतात."

आईने वर न बघता मला हाक मारली. "त्याले सांग, एकच तुकडा दे म्हणावं. ज्याच्यावर आकडे हायेत तो."

मी ते हिंदीत सांगितलं. शिपाई वाईट नव्हता. त्याने साहेबाकडे बघितलं. साहेबाने कचोरीचा कागद चुरगळला आणि मान हलवली. मग त्यांनी खड्डा बुजवला. माती ओढून होईपर्यंत आई तिथेच उभी होती.

बाबा जामिनावर सुटले तेव्हा पावसाळा संपत आला होता. तोवर आम्ही घर बदललं होतं; घरमालकांनी हात जोडून खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या होत्या. मी एम.ए. सोडून सीतापुऱ्यातल्या एका कपड्यांच्या कारखान्यात ऑफिसच्या कामाला लागले होते. बाबांनी त्याबद्दल काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं ते हे की फटाके कसे नष्ट केले. मी सांगितलं. खड्डा, सकाळची वेळ, पंचनामा, सगळं.

"एकदम सगळे?"

"हो."

"एकेक करायला पाहिजे होते," ते म्हणाले. "तसं करत नाहीत."

मला वाटलं होतं ते रडतील, निरीक्षकाला शिव्या देतील. ते वकिलांकडून स्फोटकांच्या कायद्याचं पुस्तक घेऊन आले आणि पेन्सिलीने खुणा करत बसले. रोज संध्याकाळी मी कारखान्यातून आले की मला दाखवायचे. "हे बघ. नमुना काढायलाच पाहिजे होता. हे बघ, मालकाला मागण्याचा हक्क आहे." ज्या नियमांनी त्यांना कुठेही वाचवलं नाही, त्यांची बाजू ते माझ्याकडे मांडत होते. एकदा मी पुस्तक त्यांच्या हातातून घेऊन कपाटावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते परत काढलं. आमच्यात त्यावरून भांडणही झालं नाही. भांडण झालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षी वकिलांनी कोर्टात आमच्या बाजूने एकच मुद्दा लावून धरला. वस्तू नष्ट झाली आहे, नमुना नाही, प्रयोगशाळेचा अहवाल नाही. मग जे सापडलं ते स्फोटक होतं हेच सिद्ध कसं होणार? बाबांना हा मुद्दा मुळीच मान्य नव्हता.

"पण ती स्फोटकंच होती," ते वकिलांना म्हणाले. "रेल्वेची होती. मला तेच सांगायचंय."

"मास्टरजी, ते सांगितलं तर खटला चालेल. न सांगता सुटता येतंय."

"सुटायचं कशातून? मी काय केलंय?"

वकिलांनी माझ्याकडे बघितलं. मी बाबांना म्हटलं, "बाबा, त्यांना करू द्या ना."

न्यायाधीशांनी बाबांना आरोपमुक्त केलं. त्यांनी जे वाचून दाखवलं त्याचा अर्थ असा होता की वस्तू आता उपलब्ध नाही, त्यामुळे ती काय होती हे सांगता येत नाही. बाबा उठून उभे राहिले. "साहेब, मी सांगतो काय होतं."

"आपके वकील बोल चुके हैं," न्यायाधीश म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता. पुढचं प्रकरण पुकारलं गेलं. वकिलांनी बाबांची बाही ओढून त्यांना खाली बसवलं. बाहेर आल्यावर त्यांनी आम्हाला चहा पाजला. ते खूश होते आणि त्यांनी खरंच चांगलं काम केलं होतं.

आता रेल्वे बाबांना कामावर घेईल असं आम्हाला वाटलं. घेतलंही, पण आधी खात्याची चौकशी लावली. आरोप असा की नष्ट न केलेले फटाके नष्ट केले असं दाखवून खोटी सही केली. म्हणजे पोलिसांपुढे जे फटाके रेल्वेच्या मते कधीच जळून गेले होते, ते चौकशीपुढे जळलेले नव्हते. निरीक्षक तिथेही आला. म्हणाला की त्याने मास्तरांच्या शब्दावर विश्वास ठेवून सही केली. त्याला समज देण्यात आली. बाबांची वेतनवाढ रोखली आणि निलंबनाचा काळ नोकरीत धरला नाही, कारण कोर्टाने त्यांना निर्दोष म्हटलेलं नव्हतं, फक्त सोडलं होतं.

निरीक्षक त्यानंतर लवकरच निवृत्त झाला. निरोप समारंभाचं बोलावणं बाबांनाही आलं. आई म्हणाली, "तुम्ही गेले त् मी जेवणार नाही." बाबा गेले. रिवाज होता, सगळा स्टाफ जाणार होता. येताना लाडवांचा डबा घेऊन आले. आईने तो त्यांच्यादेखतच कचऱ्यात टाकला. बाबा म्हणाले, "अगं, त्याने साफा बांधला होता, बरा दिसत होता." हे ते टोमणा म्हणून बोलले की नाही, मला अजून कळलेलं नाही.

ते परत कामावर गेले ते जयपूरपासून बऱ्याच लांबच्या स्टेशनवर. आठवड्यातून एकदा घरी यायचे. त्यातल्याच एका रविवारी मला बघायला पाहुणे आले. मुलगा अमरावतीचा, जयपूरला एका कंपनीत कॉम्प्युटरच्या कामाला. आई-वडील मुद्दाम गावाहून आले होते. आईने पोहे केले होते. बोलणी चांगली चालली होती. मग मुलाच्या वडिलांनी अवघडत विचारलं, "ते केसचं कानावर आलं होतं. सुटले म्हणजे काय ते ठीकच आहे. पण पकडलं कशापायी होतं, ते जरा…"

मला वाटलं बाबा म्हणतील, गैरसमज झाला होता, मिटलं. बाबांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि सुरुवातीपासून सांगायला लागले. धुकं कसं पडतं. रुळावर डबी कशी बांधतात. चाक वरून गेल्यावर काय होतं. मुदत कशी मोजतात. तेल कुठलं वापरायचं. ते कोणालाच दोष देत नव्हते, फक्त समजावून सांगत होते, जसं न्यायाधीशांना सांगायचं राहिलं होतं तसं. मुलाने दोनदा मोबाइल बघितला. त्याच्या आईने माझ्या आईकडे पाणी मागितलं. बाबा नमुना काढण्याच्या नियमापर्यंत आले तेव्हा मुलाचे वडील म्हणाले, "बरं बरं, आलं लक्षात," आणि घड्याळाकडे बघून उठले.

नकार त्या आठवड्यात फोनवर आला. पत्रिका जुळत नाही असं कारण सांगितलं. आमच्यात पत्रिका बघत नाहीत, त्यांच्यातही बघत नसणार.

मी बाबांना स्टेशनवर फोन करून ते सांगितलं. पलीकडे एक मालगाडी जात होती, तिचा आवाज संपेपर्यंत मी थांबले.

"असं कसं," ते म्हणाले. "मला तर वाटलं होतं, त्यांना समजलं."